नागपूरचा चंद्र आधी का उगवतो?

संकष्टीच्या दिवशी वर्तमानपत्रात चंद्रोदयाचा छोटा तक्ता येतो. एका बाजूला गावांची नावं, समोर वेळा. आपण आपल्या गावाची ओळ शोधतो, वेळ बघतो आणि स्वयंपाकाला लागतो. पण एखाद्या महिन्यात तो तक्ता सबंध वाचून पाहा. गोंदिया, गडचिरोली, नागपूर इथे चंद्र लवकर दिसतो, मुंबई-पालघरकडे सर्वांत उशिरा. नागपूर आणि मुंबई यांच्यात साधारण २५ मिनिटांचा फरक असतो, आणि तोही दर महिन्याला सारखा राहत नाही. कधी २१-२२ मिनिटं, कधी तीसच्या जवळ. मुंबई आणि रत्नागिरीचं तर आणखी वेगळं: वर्षातल्या काही संकष्टींना मुंबईत चंद्र आधी उगवतो, काहींना रत्नागिरीत.

शाळेत अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीच्या गोलावर काढलेल्या काल्पनिक रेषा, असं आपण पाठ केलं. व्याख्या बरोबरच आहे, पण त्या रेषांचा आपल्या रोजच्या दिवसाशी काय संबंध, ते तिच्यातून कळत नाही. या तक्त्यातून कळतं.

आधी रेखांश घेऊ. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि २४ तासांत ३६० अंशांचा फेरा पुरा करते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एक अंश फिरायला ४ मिनिटं. एवढा एक हिशोब लक्षात ठेवला की रेखांशाचं बहुतेक सगळं त्यातून निघतं. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.८ अंश पूर्व, नागपूरचा सुमारे ७९.१. फरक ६.३ अंशांचा, त्याला चारने गुणलं की २५ मिनिटं येतात. नागपूर पूर्वेला असल्यामुळे सूर्य, चंद्र, तारे सगळे त्याला इतके आधी सामोरे येतात. चंद्राच्या बाबतीत एखादं मिनिट वाढतं, कारण नागपूरला उगवून मुंबईला उगवेपर्यंतच्या वेळात चंद्र स्वतःही आकाशात किंचित पूर्वेला सरकलेला असतो. रोज चंद्र पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो तो याच सरकण्यामुळे.

मग हा फरक महिन्यागणिक का बदलतो? तिथे अक्षांश येतो. अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून तुम्ही उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहात ते. नागपूर २१.१ अंश उत्तर, मुंबई १९ च्या जरा आत, रत्नागिरी १७. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेकडे झुकलेला असेल तेव्हा उत्तरेकडच्या गावांना तो थोडा आधी दिसतो आणि जास्त वेळ आकाशात राहतो. दक्षिणेकडे झुकला की उलट. कार्तिक-मार्गशीर्षातल्या संकष्टीला चंद्र उत्तरेकडे असतो, वैशाख-ज्येष्ठात दक्षिणेकडे. मुंबई आणि रत्नागिरी यांचे रेखांश जवळजवळ सारखे, म्हणून तिथे अक्षांशाचाच प्रभाव चालतो आणि पुढे कोण ते ऋतूप्रमाणे ठरतं. सूर्यालाही हाच नियम लागू आहे. जूनच्या शेवटी नागपूरचा सूर्योदय मुंबईपेक्षा अर्ध्या तासाच्या आसपास आधी होतो, डिसेंबरात मात्र वीस-एकवीस मिनिटंच आधी.

आता हे दोन्ही आकडे स्वतः मोजता येतात, आणि त्याला एक सरळ काठी, ओळंबा आणि घड्याळ एवढं पुरतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पृथ्वीवर आपण कुठे आहोत हे उपग्रहाला न विचारता, गच्चीत उभं राहून काढता येतं.

एक मीटरची काठी ओळंबा लावून सपाट जागी उभी करा. दुपारी सावली आखूड होत जाते आणि मग पुन्हा वाढायला लागते. सर्वांत आखूड सावली पडते ती तुमच्या गावची खरी मध्यान्ह, आणि आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने ती सावली नेमकी उत्तरेला पडलेली असते. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर असताना, हा प्रयोग केलात तर मुंबईत सावली ३४ सेंटिमीटरच्या जवळ भरेल, नागपुरात ३९ च्या जवळ. काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर काढून काठीच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. तो कोन हाच तुमचा अक्षांश. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी खुंटी, रोवून त्या दिवशीची मध्यान्हीची सावली मोजत, तिला पलभा म्हणत. मुंबईची पलभा चार अंगुळांपेक्षा थोडी जास्त येते, उज्जैनची पाचांपेक्षा थोडी जास्त. गावाची पलभा माहीत असली की तिथली दिनमानं, म्हणजे दिवसाची लांबी, काढता येत. पलभा सांगणं म्हणजे अक्षांशच सांगणं.

रात्री हेच काम ध्रुवतारा करतो. तो क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश, फार तर पाऊण अंशाचा फरक पडतो. हात सरळ लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. मुंबईत उत्तरेच्या क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा आत ध्रुव सापडतो, काश्मीरमध्ये तो साडेतीन मुठींच्या आसपास चढलेला असतो.

या काठीचा सर्वांत सुंदर दिवस मे महिन्यात येतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांच्या जवळ आहे आणि सगळा महाराष्ट्र, गोव्यासकट, त्याच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे उत्तरेकडे चढत जाणारा सूर्य वर्षातून दोनदा आपल्या प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या मध्यान्हीला काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. पणजीत तो मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो, कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ ला, मुंबईत १५-१६ ला, नागपुरात २६ च्या आसपास. दक्षिणेकडून उत्तरेकडे गावोगाव सरकत जाणारा हा क्रम म्हणजे अक्षांशांची यादीच आहे. परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. काशीला किंवा दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही.

मुंबईत त्या दिवशी सावली नाहीशी होते तेव्हा घड्याळ बघा. बारा वाजलेले नसतात, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास असतात. नागपुरात त्यांच्या शून्य सावलीला १२ वाजून १० मिनिटं होऊन गेलेली असतात. काठी अक्षांश सांगून थांबत नाही. शेजारी घड्याळ ठेवलं की ती रेखांशही सांगते.

भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व या रेखावृत्तावर लावलेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून ते जातं. तिथे सरासरी मध्यान्हीला बारा वाजतात आणि आपण सगळे, कच्छपासून अरुणाचलपर्यंत, तेच बारा मानतो. मुंबई त्या रेषेच्या ९.७ अंश पश्चिमेला, म्हणून मुंबईचा सूर्य सरासरी ३९ मिनिटं मागे. मग मेच्या मध्यात १२:३९ ऐवजी १२:३५ का? पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या एकसारख्या चालीने चालत नाही. मेच्या मध्यात तो सुमारे ४ मिनिटं पुढे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटं मागे. म्हणून मुंबईची खरी मध्यान्ह वर्षभरात १२:२२ पासून १२:५३ पर्यंत हेलकावते. १२:३५ मध्ये ते ४ मिनिटं परत मिळवा, १२:३९ आले. ३९ भागिले ४ म्हणजे पावणेदहा अंश. ८२.५ मधून वजा करा, ७२.७५ उरतात. काठी आणि घड्याळाच्या जोरावर एवढं जवळ जाता येतं.

ही ३९ मिनिटं मुंबईने सहजासहजी सोडलेली नाहीत. रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्यावर चाले आणि त्यात कोणाचं काही अडत नसे. रेल्वेला मात्र सगळ्या मार्गाला मिळून एकच वेळ लागते, नाहीतर वेळापत्रकच छापता येत नाही, आणि एकेरी रुळावर समोरासमोर गाड्या येतात. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ धरली, कारण ती मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधली. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईच्या सरकारी कामकाजाला लावली. शहराला ते रुचलं नाही आणि दोन वर्षांत निर्णय फिरवावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली. तेव्हा गिरण्यांतले कामगार रस्त्यावर उतरले. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला घड्याळाचा काटा ३९ मिनिटं पुढे ढकलला म्हणजे काय, ते त्यांना अंधारात घर सोडताना कळलं असणार. महापालिकेनेही मुंबई टाइम धरून ठेवला. स्टेशनात एक वेळ आणि शहरात दुसरी, असं पुढे अनेक वर्षं चाललं, थेट स्वातंत्र्यानंतरही काही काळ.

मला यात मुंबईचा हेकेखोरपणा दिसत नाही. प्रमाणवेळ हा सोयीसाठी केलेला करार आहे, आणि कराराची किंमत कोण मोजतं हा प्रश्न रास्तच असतो. तो आजही संपलेला नाही. भारताची पूर्व-पश्चिम रुंदी जवळजवळ ३० अंशांची, म्हणजे दोन तासांची. डिसेंबरात वरच्या आसाममध्ये साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, मुंबईत सहा वाजून गेलेले असतात. आसामच्या चहामळ्यांमध्ये म्हणूनच बागान टाइम नावाची वेगळी वेळ चालत आली आहे, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. चीन तर भारतापेक्षा दुप्पट रुंद असूनही एकाच वेळेवर चालतो. रशियाने ११ कालविभाग ठेवले आहेत. नेपाळ आपल्या १५ मिनिटं पुढे आहे.

हे सगळे विभाग मोजायचे कुठून? अक्षांशाला निसर्गाने शून्य दिलेलं आहे, विषुववृत्त. रेखांशाला तसं काहीच नाही, सगळी रेखावृत्तं सारखीच. कुठून तरी सुरुवात करायची असं माणसांनी ठरवायचं. आपल्या जुन्या ज्योतिर्गणिताच्या सिद्धान्तग्रंथांनी ती रेषा उज्जैनवरून नेली होती. सोलापूर जवळजवळ त्याच रेखांशावर आहे, म्हणजे त्या हिशोबाने सोलापूरकर शून्यावर बसले असते. युरोपात प्रत्येक मोठ्या देशाची आपली रेषा होती. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि लंडनजवळच्या ग्रिनिचच्या वेधशाळेवरून जाणारी रेषा शून्य ठरली, मुख्यतः जगातली बहुतांश जहाजं आधीच तिथले नकाशे वापरत होती म्हणून. फ्रान्सने मतदानात भाग घेतला नाही आणि १९११ पर्यंत पॅरिसची वेळ चालू ठेवली. भारताची ५ तास ३० मिनिटं इथूनच येतात: ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं.

जहाजांचा उल्लेख आला तर एक गोष्ट सांगायलाच हवी. खलाशाला अक्षांश सूर्यावरून किंवा ध्रुवावरून मिळायचा, रेखांश मिळायचा नाही. कारण त्यासाठी इथे मध्यान्ह झाली त्या क्षणी घरच्या बंदरात किती वाजले हे कळावं लागतं, आणि लंबकाचं घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर चालत नाही. १७०७ मध्ये इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकांवर आपटून बुडाली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने यावर उपाय शोधणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस ठेवलं. जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार. त्याने त्यावर जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं, आणि १७६१ मध्ये जमैकाला निघालेल्या जहाजावर त्याचं खिशातल्या घड्याळासारखं दिसणारं चौथं यंत्र दोन महिन्यांहून जास्त प्रवासात केवळ पाचेक सेकंद चुकलं. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली तीही जहाजांना अचूक वेळ देण्याच्या गरजेतून. आजचा जीपीएस वेगळं काही करत नाही. उपग्रहांवरची अणुघड्याळं वेळ पाठवतात, आणि ती किती उशिरा पोचली यावरून फोन आपली जागा काढतो.

ग्रिनिचपासून पूर्वेला जाताना वेळ वाढते, पश्चिमेला जाताना घटते, आणि १८० अंशांवर दोन्ही बाजू भेटतात तिथे पुऱ्या एका दिवसाचा फरक उरतो. तिथे वाररेषा आहे, आणि तीही देशांच्या सोयीने वाकडी होते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशाने २०११ मध्ये ती ओलांडली. तिथे २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि वार अमेरिकेचा, हे त्यांना परवडेना.

परदेशातल्या मराठी घरांना वेळेचा हा गुंता सणावारी भेटतो. तिथी हा सूर्य-चंद्रामधला कोन आहे, तो सगळ्या जगात एकाच क्षणी बदलतो. सण मात्र स्थानिक सूर्योदय-सूर्यास्तावर ठरतो. २०२४ ची दिवाळी आठवा. आश्विन अमावास्या आपल्याकडे ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ च्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. मुंबईत १ तारखेला सूर्यास्तानंतर दहाएक मिनिटं ती उरली होती, आणि महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन त्या दिवशी धरलं. न्यू जर्सीत तीच अमावास्या ३१ तारखेच्या सकाळी ६:२२ ला लागून १ तारखेच्या सकाळी पावणेनऊला संपली. तिथे अमावास्येची संध्याकाळ एकच होती, ३१ ची. दोन्हीकडचं गणित बरोबर. म्हणून तिकडे राहणाऱ्यांनी तिकडच्या गावाचं पंचांग वापरावं, इथल्या वेळांतून साडेनऊ तास वजा करून सण ठरवू नये. शिवाय ते साडेनऊही कायम नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे येतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा राहतो.

राहिला नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची म्हणजे मोसंबीची साल न फाडता ताटावर पसरण्यासारखं आहे, काहीतरी ताणलं जाणारच. १५६९ चा मर्केटरचा नकाशा दिशा बरोबर ठेवतो, म्हणून खलाशांना तो हवाच होता. पण ध्रुवांकडे जाताना तो आकार फुगवतो. त्यावर ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठं दिसतं, प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. जगाची तुलना करायला हा नकाशा वापरूच नये असं मी ठामपणे म्हणेन. ताण कुठून येतो तेही सोपं आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, मुंबईच्या अक्षांशावर १०५, ६० अंशांवर निम्मा, ध्रुवावर शून्य. कागदावर मात्र उभ्या रेषा समांतर काढलेल्या.

सह्याद्रीत फिरणारे जुने ट्रेकर ज्याला टोपोशीट म्हणतात, तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा ह्याच जाळीवर कापलेला असतो. ४७ क्रमांकाचा मोठा चौकोन १६ ते २० अंश उत्तर आणि ७२ ते ७६ अंश पूर्व एवढा. त्याचे अंशाअंशाचे १६ तुकडे, आणि त्यातल्या प्रत्येकाचे पाव-पाव अंशाचे आणखी १६. पुणे शहर ४७ एफ/१४ वर सापडतं, आणि त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर.

फोन ही जाळी दशांशात दाखवतो. गेट वे ऑफ इंडिया: १८.९२२०, ७२.८३४७. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. क्रम चुकला तर तुम्ही नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहराच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला समुद्रात पोचता. दशांशानंतरचा चौथा अंक १०-११ मीटरचा फरक दाखवतो, पहिला ११ किलोमीटरचा. डोंगरात कोणी अडकलं आणि तुम्हाला जागा कळवायची असेल, तर दशांशानंतरचे चार अंक तरी सांगा, आधी अक्षांश, मग रेखांश, आणि ऐकणाऱ्याकडून ते परत म्हणून घ्या. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ च्या आसपास आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यानच यायला हवा.